डुलारीची वाळू

सारंगखेडा
२० नोव्हेंबर २०२४

चि. काजल,

अनेक आशीर्वाद. तू माझ्या हवाली केलेला जीव जिवंत आहे, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धाप लागणार नाही.

तुझा मोबाईल त्या पोलीस ट्रेनिंगवाल्यांनी जमा करून घेतलाय, रविवारची दहा मिनिटं तू आईशी बोलतेस, आणि मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही. म्हणून पत्र. शिवाय तुझ्या आईच्या कानावर हा विषय जाऊन चालणार नाही. ताई अजून समजते की जाताना तू तो तिला नकोसा सरडा सुरतच्या तुझ्या मैत्रिणीला, स्वप्नालीला परत दिलास. तो इथे माझ्या पडवीत, जाळीच्या पिंजऱ्यात बसून एक डोळा माझ्यावर आणि दुसरा तुझ्या मामीवर ठेवतो, हे तिला कळलं तर येत्या भाऊबीजेला ती मला ओवाळायची नाही.

आता मूळ मुद्दा. तुझी सरडी डुलारी आठ दिवसांपासून फुगली आहे. दोन्ही कुशी टम्म. हिरवा रंग गेला आणि काळपट अंगावर पिवळे-निळे ठिपके उमटले. मामी म्हणते, माझ्या माहेरच्या बांधणीचं लुगडं नेसलंय जणू. मी हात पुढे केला की जबडा वासून फिस्स करते. खाणं मात्र दुप्पट. घासाच्या वाफ्यातले टोळ पकडून पकडून माझी कंबर कामातून गेली. (त्या वाफ्यावर फवारा मारत नाही. तुझी ताकीद लक्षात आहे.)

मामीच्या मते दृष्ट लागली. माझ्या मते अजीर्ण. चार थेंब एरंडेल देऊन बघू का? उत्तर लवकर लिही, बाटली काढून ठेवली आहे.

तुझा,
हेमकांतमामा

*

प्रशिक्षण केंद्र
२५ नोव्हेंबर

ती. मामा,

एरंडेल देऊ नका! नमस्कार नंतर करते. आधी बाटली कपाटात ठेवा.

आता नमस्कार. मामा, दृष्ट नाही आणि अजीर्णही नाही. डुलारीच्या पोटात अंडी आहेत. ते ठिपके म्हणजे तिची पाटी आहे: “मी अंड्यावर आहे, जवळ येऊ नका.” नर कुठून आला असं मामी विचारेल. नर लागत नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते तसंच हे. पिल्लं निघणार नाहीत, पण अंडी घालावीच लागतात.

आणि इथेच काळजी आहे. ही झाडावर राहणारी, पण अंडी घालायला जमिनीत उतरते आणि बीळ खणते. मनासारखी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच धरून ठेवते आणि अडते. स्वप्नालीची पहिली सरडी अशीच चार दिवसांत गेली. तिच्याकडे माती नव्हती, नुसती फरशी होती. मी तेव्हा तिथेच होते. मामा, डुलारीचं तसं होऊ देऊ नका.

एक मोठा टब घ्या, हातभर खोल. त्यात धुतलेली स्वच्छ वाळू भरा आणि पाणी मारून ओली करा. पिंजऱ्यातून तिला टबात उतरता येईल अशी फांदी लावा. खाणं थोडं कमी करा, नाहीतर अंड्यांची संख्या वाढते. टोळांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरवा, डबी पिंजऱ्याच्या वर आहे. साधारण दोन-तीन आठवड्यांत ती खाणं सोडेल आणि खाली उतरून अस्वस्थ फिरू लागेल. तेव्हा समजायचं, वेळ झाली.

मी इथून काहीच करू शकत नाही. पहाटे पाचला ग्राउंडवर आणि दिवसभर “दाहिने मुड”. सगळं तुमच्यावर आहे.

काजल

*

सारंगखेडा
१ डिसेंबर

चि. काजल,

म्हणजे आम्ही आजी-आजोबा होणार तर! मामीला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे होती. म्हणाली, “सूननं बायतपन करानं दिन उनात, आनि मी सरडानं करी ऱ्हायनू!” पण संध्याकाळी पाहिलं तर बाळंतिणीची खोली सारवावी तशी तिने पिंजऱ्यापुढची जागा सारवून घेतली होती. ही जात मूळची येमेनची असं तू एकदा सांगितलं होतंस. तर मामी विचारते, तिकडच्या बाळंतिणीला काय खायला देतात? येमेन कुठल्या तालुक्यात येतं हेही विचारलंय.

टब तयार आहे. तुला ठाऊक नसेल, तू लहान होतीस. बॅरेजचं पाणी अडण्याआधी उन्हाळ्यात तापी आटायची आणि आम्ही पात्रातल्या वाळूत खरबुजाच्या वाड्या लावायचो. हातभर खड्डा, खाली ओल, त्यात कुजलेलं शेणखत, मूठभर एरंडीची पेंड, वर वाळू. पंधरा वर्षं मी तेच केलं. आता तिथे पाणी असतं. तेच पाणी केळीला मिळतं, तक्रार नाही. पण वाळूचं काम गेलं ते गेलंच.

तर टब मी तसाच भरला आहे, वाडीच्या पद्धतीने, शेणखत आणि पेंडीसकट. एक नंबर वाफा झालाय.

कॅल्शियमची पावडर संपली. मामीच्या पानाच्या डब्यातला चुना चालेल ना? कॅल्शियमच आहे तो.

मामा

*

प्रशिक्षण केंद्र
५ डिसेंबर

ती. मामा,

चुना मुळीच नको, तोंड भाजेल तिचं! काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो आणून बारीक कुटा. तो चालतो.

आणि शेणखत काढा. पेंड काढा. खरबूज लावायचं नाहीये आपल्याला! खतात किडे होतात, बुरशी येते, ऊब धरते. मी लिहिलं होतं ना, धुतलेली स्वच्छ वाळू आणि पाणी, बस्स. कृपा करून आपलं डोकं लावू नका. मी यावर खूप वाचलं आहे.

घाईत आहे. परेडची शिट्टी झाली.

काजल

*

सारंगखेडा
१२ डिसेंबर

चि. काजल,

तुझ्या हुकमाप्रमाणे शेणखत आणि पेंड काढून पोत्यात भरून ठेवली. एका घराच्या बांधकामावरची वाळू मागून आणली, चाळली, तीन पाण्यांनी धुतली, वाळवली, टबात भरली आणि वरून झारीने पाणी मारलं. डोकं अजिबात लावलेलं नाही.

समुद्रफेस मिळाला. डुलारी मजेत आहे. शनिवारी दत्तजयंती, यात्रा भरेल. घोडेवाले आताच येऊन उतरलेत, गाव गजबजलंय, आपल्या घरीही पाहुणे आहेत. तू मन लावून शीक. इकडचं सगळं ठीक.

मामा

ता. क. काजल, हे मी रमिलामामी लिहिते. मामांनी पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, मी उघडलं. सगळं ठीक नाही. डुलारीने तीन दिवस खाल्लं नाही. टबात उतरते, खणते आणि सोडून देते. परत वर जाते, परत उतरते. यात्रेला आलेला प्रत्येक माणूस तिला बघून जातो. “सरडीने बांधणी नेसली” असं मामाच सगळ्यांना सांगत फिरले. काल सकाळपासून चाळीसएक माणसं तरी येऊन गेली असतील. मामा स्वतः स्टूल टाकून तिच्यासमोर बसून असतात. रात्री जेवलेसुद्धा नाहीत. तुला कळवायची त्यांना लाज वाटते. मला भीती वाटते. काय करू ते सांग.

*

प्रशिक्षण केंद्र
१६ डिसेंबर

ती. मामा,

मामीने लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं. मामा, तुम्ही मला खोटं लिहिलंत. तुम्ही!

पिंजरा आणि टब चारही बाजूंनी झाकून टाका. कुणीही बघायचं नाही, तुम्हीही नाही. कुणी बघतंय असं वाटलं तरी ती खणणं सोडते. हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, ती चूक माझी. दिवसा डोळे मिटून बसायला लागली किंवा फांदीवरची पकड सुटायला लागली तर थांबू नका, तिला घेऊन सरळ सुरतला स्वप्नालीकडे जा, तिच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. पत्ता मागे लिहिला आहे.

मी रजा मागायला गेले होते. मॅडमनी कारण विचारलं. खरं सांगितलं. त्यांनी मला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या.

पत्र पोचेपर्यंत काय होईल कुणास ठाऊक. मला तिची फार आठवण येते आहे, मामा. भरतीच्या तयारीत दोन वर्षं मी खोलीत एकटीच अभ्यास करत होते, तेव्हा समोर फक्त तीच असायची.

काजल

*

सारंगखेडा
१७ डिसेंबर, सकाळ

चि. काजल,

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहितो. मामीने पत्राखाली काय खरडलं ते तिनेच मला नंतर सांगितलं. मी तुला खोटं लिहिलं. चुकलो. आता सगळं खरं लिहितो, आणि घाबरू नकोस, शेवट गोड आहे.

तळोद्याकडचा दलसिंग दरवर्षी यात्रेत आपल्या खळ्यात घोड्या बांधतो. शुक्रवारी तो पाणी मागायला पडवीत आला. मी स्टुलावर, समोर डुलारी. सगळी हकीकत सांगितली तर तो हसायलाच लागला. म्हणाला, “हेमकांतभाऊ, मानसं समोर उभा ऱ्हायनात ते घोडी बी रोकी धरस. तुम्ही तोंड फिरवा, काम व्हई जाई.” घोडी पाहणारे निघून जाईपर्यंत कळा दाबून ठेवते म्हणे. इतकी वर्षं यात्रेच्या गावात राहून मला हे माहीत नव्हतं. त्याने आपल्या घोडीच्या पाठीवरची झूल काढली, आरसे लावलेली, लाल. ती पिंजरा आणि टबावर टाकली.

झूल टाकण्याआधी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी बाही वर करून टबात हात घातला. काजल, वरची चार बोटं ओली आणि खाली पिठासारखी कोरडी! ती खणायची आणि बीळ तिच्याच अंगावर ढासळायचं. ती बिचारी तरी काय करणार? वाळूत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने वरून झारीने पाणी मारलं! तू शिकलेली, म्हणून मी तुझं अक्षर धरून बसलो आणि स्वतःच्या हाताला विचारलंच नाही.

शनिवारी उजाडताच मोटरसायकलवर दोन पोती टाकून नदीवर गेलो. बॅरेजचं पाणी जिथे मागे सरतं तिथे कोपरभर खणलं. खालच्या पाझराने भिजलेली वाळू. मुठीत दाबली तर लाडू वळला, त्यात बोट घातलं तर भोक तसंच उभं राहिलं, आणि तळव्याला पाणी सुटलं नाही. हीच ती. तिथेच थोडा वेळ बसून राहिलो. रडलो नाही, पण रडायला हरकत नव्हती.

थरावर थर दाबत टब भरला. वर परत झूल टाकली. आणि रविवारी तुझी आई आली.

धानोऱ्याहून चार बायकांना घेऊन यात्रेला आली होती. पडवीत पाऊल टाकताच झुलीकडे निघाली. मी आडवा झालो. तोंडातून निघून गेलं, “ताई, नको, आत अडलेली आहे.”

“कोन?”

तिने फळीवरची टोळांची बाटली पाहिली, मामीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“तो सरडा! हेमकांत, तू मन्हासंगे खोटं बोलना!”

एकाच आठवड्यात दोघींनी मला खोटारडा म्हणावं, असा योग होता माझा. (तुझं पत्र आलेलं नाही, पण तू म्हणशीलच.) मी मान खाली घालून उभा. तिने झुलीकडे मान वळवली. मग विचारलं, “कितला दिन व्हयनात?”

सहा, मी म्हटलं.

तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या वेळी ताई दोन दिवस अडली होती. मी तिला जीपमध्ये घालून शहाद्याला नेलं. दवाखान्याच्या दारापुढे सगळं गाव गोळा झालेलं, जो तो डोकावतोय, सल्ला देतोय. ताई आतून ओरडली होती, “यासले काढा आठेन!” त्यांना मी हाकललं, तेव्हा कुठे तू आलीस.

ताईने माझं स्टूल उचललं, पडवीच्या दारात ठेवलं, पिंजऱ्याकडे पाठ केली आणि बसली. जो येईल त्याला एकच वाक्य, “अडेल जीव शे आठे. पुढे येऊ नका.” सोबतच्या बायका यात्रा बघून धानोऱ्याला परत गेल्या. ताई हलली नाही. तिने पाळणे पाहिले नाहीत, घोड्यांचा नाच पाहिला नाही. जेवणसुद्धा तिथेच.

काल दुपारी चारच्या सुमाराला तिने हात वर केला. “खरवडाना आवाज ई ऱ्हायना.” मला कुठला ऐकू येतोय! मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. ती मान हलवायची: चालू आहे. थांबली. परत चालू. दिवे लागेपर्यंत आम्ही तिघं असेच बसलो होतो, पाठ करून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

आज सकाळी मामीने झुलीचा कोपरा उचलला. डुलारी सगळ्यात वरच्या फांदीवर, पोट पाठीला लागलेलं, अंगावर परत हिरवा रंग. टबातली वाळू तिने अशी सपाट करून ठेवली होती की हातच फिरवलाय. आम्ही चमच्याने उकरलं. तळाशी एकेचाळीस अंडी, पांढरी, चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी. मामीने पाणी शिंपडलं तर डुलारी पाच मिनिटं पाणीच पीत राहिली, आणि मग मामीच्या हातून टोळ घेतला.

ताईने एकदाच तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, “मोकळी व्हयनी बाई.” आणि पदराने डोळे पुसून चहा टाकायला आत गेली.

मामा

*

प्रशिक्षण केंद्र
२३ डिसेंबर

ती. मामा, ती. मामी,

पत्र वाचून मी बराकीत मोठ्याने रडले. सगळ्या मुली धावत आल्या. कुणाला काय झालं? मोकळी झाली, मी म्हटलं. कोण, वहिनी? मुलगा की मुलगी? मी म्हटलं, एकेचाळीस. आता सगळं केंद्र मला “एकेचाळीस” म्हणून हाक मारतं. ज्या मॅडमनी मला पळवलं होतं, त्यांनीही काल विचारलं, तुमच्या बाळंतिणीची तब्येत कशी आहे?

मामा, मी तुम्हाला वाळू शिकवायला निघाले होते. डोकं लावू नका, असं लिहिलं मी. तुम्ही राग धरला नाहीत, पण मला लाज वाटते. यापुढे वाळूचं तुम्ही सांगायचं आणि मी ऐकायचं.

आई रविवारी फोनवर खोटं बोलल्याबद्दल दहा मिनिटांतली नऊ मिनिटं रागावली. उरलेल्या एका मिनिटात तिने विचारलं की डुलारीला मऊ टोळ चालतात का कडक.

माझी आई अडली होती, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. ती तिथे स्टुलावर बसली होती, हे मी पुन्हा पुन्हा वाचते.

काजल

*

सारंगखेडा
४ एप्रिल २०२५

चि. काजल,

रविवारी ताई तुला भेटायला येते आहे. तिच्या पिशवीत फडक्यात बांधलेलं एक खरबूज आहे. ते कुठलं, हे मी तिला सांगू दिलेलं नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतो.

डुलारी मोकळी झाल्यावर टब रिकामा करायला माझा हात धजेना. नदीची वाळू, इतकी बरोबर ओल, आणि ती नुसती फेकून द्यायची? तू काढायला लावलेलं शेणखत आणि पेंड पोत्यात पडून होती. शेवटच्या वाडीतल्या खरबुजाच्या बिया मी राखेत घालून डब्यात ठेवल्या होत्या. इतकी जुनी बी उगवत नाही हे मलाही कळतं. मामी म्हणालीच, वेडे झालात. दहा बिया टाकल्या. नऊ मेल्या, एक उगवली.

वेल पिंजऱ्याच्या जाळीवर चढला. दुपारी डुलारी पानांच्या सावलीत येऊन बसायची आणि फुलावर आलेली माशी खायची. वेलाला तीन फळं धरली, दोन मी खुडली आणि एकच ठेवलं, नदीत ठेवायचो तसंच. परवा देठाजवळ चीर पडली आणि पडवीभर वास सुटला. मला ऐकू कमी येतं, नाक शाबूत आहे. दलसिंगची झूल अजून आपल्याकडे आहे, आधी वाटलं त्यातच बांधून पाठवावं, पण ती लागणार आहे.

कापशील तेव्हा मैत्रिणींना दे, मॅडमना एक फोड दे. बिया मात्र कुणी थुंकू नका. धुऊन, सावलीत वाळवून, कागदात बांधून ताईजवळ परत पाठव. एकही गमावू नकोस.

डुलारी कालपासून परत बांधणी नेसली आहे. उद्या सकाळी मी वाळू आणायला नदीवर जातोय. आणि ताईने बजावून ठेवलंय, तुला भेटून ती सरळ इकडेच येणार, तोवर त्या स्टुलावर कुणी बसायचं नाही.

मामा